गाडीची पाठ

वसंत घाडीने मांडीवरच्या टॅबवर दोन बोटं ठेवून गाडीची पाठ मोठी केली आणि अंगठा काचेवरून सावकाश फिरवला, मागच्या चाकाच्या कमानीवरून शेपटीकडे. कमान संपली तिथे अंगठा थबकला. मग गाडीच सरकली आणि तिच्या जागी नुसतं निळं आकाश आलं.

“अहो, अंगठा नका लावू. लावला की हलते ती,” सुनेत्राबाई म्हणाल्या. त्या शेजारच्या घरातल्या. पोस्टातून निवृत्त झालेल्या, एकट्या. दुपारी चारच्या चहाला वसंतकडे येऊन बसायची सवय त्यांनी स्वतःला लावून घेतली होती. टॅबवरची बारीक अक्षरं वसंतला दिसत नसत, ती वाचून दाखवणं हे त्यांचं काम.

“लोक काय म्हणतायत ते वाचा.”

“नकोच ते. लोकांना काय, उचलली जीभ लावली टाळ्याला.”

“वाचा बाई.”

सुनेत्राबाईंनी चष्मा पुसला, गरज नसताना पुन्हा पुसला आणि वाचायला लागल्या. “‘ही त्सुबामे नाही, त्सुबामेची सासू आहे.’ ... ‘पुढून नवरी, मागून टेम्पो.’ ... ‘पंचवीस वर्षं जिच्यावर प्रेम केलं तिची पाठ मोडली.’ हा बहुतेक रडतोय. ... ‘ज्याने ही पाठ केली त्याला आमच्यासमोर उभा करा.’”

“करा म्हणावं,” वसंत म्हणाला. “आम्हीपण बघू. बरीच वर्षं झाली.”

सुनेत्राबाईंनी टॅब खाली ठेवला. चहा निवत चालला होता. खाली लालबागचा रस्ता वाजत होता, पण अकराव्या मजल्यावर त्यातलं कोणतंच माणूस ओळखू येत नव्हतं.

ज्याने ही पाठ केली तो हेरंब, वसंतचा एकुलता एक मुलगा. चार दिवसांपूर्वी जपानहून त्याचा निरोप आला होता. निरोपात गाडीचे फोटो होते आणि खाली दोन वाक्यं: ‘बाबा, ही आमची गाडी. मागची बाजू माझ्याकडे होती.’ वसंतने ती दोन वाक्यं सुनेत्राबाईंकडून इतक्यांदा वाचून घेतली की त्याला वाटायला लागलं, तिसरं वाक्य कुठेतरी निसटलं असावं.

त्सुबामे म्हणे जपानी भाषेत पाकोळीला म्हणतात. गाडीही तशीच, बुटकी आणि वाऱ्याशी पैज मारणारी. जगभरातल्या पोरांनी तिची चित्रं भिंतीवर लावली होती. जुन्या त्सुबामेच्या पाठीवर दोन गोल तांबडे दिवे होते. नव्या गाडीत ते गेले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच तांबडी पट्टी आली, पाठीचा उभारही बदलला. झालं. ‘गाडीवेडे’ नावाच्या मराठी लोकांच्या इंटरनेटवरच्या कट्ट्यावर शिमगा सुरू झाला. त्यात दादरचे होते, नाशिकचे होते, कोल्हापूर सोडून दुबईला गेलेले होते. भारतात ही गाडी कधी विकायलाच आली नव्हती. कट्ट्यावरच्या एकानेही तिच्यात बूड टेकलेलं नव्हतं. लग्न दुसऱ्याचं आणि रुसून बसले हे.

रविवारी हेरंबचा फोन आला. तो दर रविवारी येतो.

“बाबा, जेवलात?”

“जेवलो. तू?”

“हो.”

पलीकडे कुठेतरी गाडी मागे घेताना वाजते तसली शिट्टी वाजत होती. ती थांबेपर्यंत दोघंही थांबले.

“गाडी बघितलीत?”

“बघितली. छान आहे.”

“बरं.”

“थंडी आहे का तिकडे?”

“नाही. उन्हाळाच आहे.”

“हां. असणारच.”

“ठेवू?”

“ठेव.”

वसंतची बायको शेवंती जिवंत होती तेव्हा हा फोन तासभर चाले. मुलाशी बोलायची ती. काय खाल्लंस, कोणी धुतलं, कोण आजारी, कोणाचं जमलं, सगळं तिच्याकडून जाई आणि तिच्याकडे येई. शेवटी ती फोन वसंतच्या हातात देई आणि तो विचारी, “बरा आहेस ना?” एवढीच त्याची वाटणी. ती गेली आणि अख्खा फोन वसंतच्या अंगावर पडला. बापलेकांचं भांडण नव्हतं, राग नव्हता, काही म्हणजे काही नव्हतं. बोलायची सवयच नव्हती, आणि सत्तरीला आलेल्या माणसाला नवी सवय कोण लावणार?

हेरंब तिकडे काय काम करतो हेसुद्धा शेवंतीमुळेच कळलं होतं. कागदावर चित्र काढलं की गाडी होत नाही. आधी ती मातीची करतात, खऱ्या मापाची, चाकांसकट. हातात पट्ट्या आणि कोरण्या घेऊन माणसं महिनोन्‌महिने तिच्याभोवती फिरतात, इथे केसभर घे, तिथे केसभर चढव. मग तिच्यावरून खरी गाडी. हेरंब त्या मातीवाल्यांतला. शेवंतीने सगळ्या चाळीला सांगितलं होतं, “माझो झील जपानात मातयेच्यो गाडयो करता.” लोकांना वाटलं पोरगा खेळणी विकतो.

माती त्याच्या हाताला लागली ती संपात.

संप सुरू झाला तेव्हा वसंत साच्यावर होता, म्हणजे मिलमध्ये कापड विणायच्या मागावर. पहिले काही महिने ‘आज मिटेल, उद्या मिटेल’ करत गेले. मग गावाला जाणारे गेले, भाजी विकणारे भाजी विकायला लागले आणि वसंत गल्लीतल्या बुधाजीच्या गणपतीच्या कारखान्यात गेला. बुधाजी कुडाळकडचा, तोंडाने फाटका, हाताने सोनं. साच्याच्या माणसाला मूर्तीतलं काय कळणार? त्याने वसंतला पाठी दिल्या. गणपतीची पाठ कोणी बघत नाही. बघू नये म्हणतात, पाठीत दारिद्र्य असतं. म्हणून नवशिक्याला पाठ द्यायची. बिघडली तर बिघडली, ती भिंतीकडेच जाते. वसंत दिवसभर ओळीने मांडलेल्या गणपतींच्या मागे बसे आणि ओल्या फडक्याने त्यांच्या पाठी सारख्या करी. शेवंती डबे करायला गेली की पाच वर्षांचा हेरंब त्याच्याजवळ असे. शाडूचा एक गोळा दिला की पोर गप्प.

एकदा वसंतने घाई केली. पाठीवरून फडकं फिरवलं न फिरवलं आणि मूर्ती पुढे सरकवली. बुधाजीने ती उचलून परत त्याच्यासमोर ठेवली.

“पाठ बघूची नाय म्हणान ती वायट करूची, असा कोणी सांगल्यान तुका?”

“भिंतीकडेच जाता मां ती?”

“आणि बुडवूक नेतत तेव्हा? गाडी फुडे गेली काय मागे रवतत तेंका काय दिसता? पाठच मां! जो मागे रवता तेच्यासाठी पाठ करूची असता, मेल्या.”

वसंतने मूर्ती पुन्हा हातात घेतली. शेजारी बसलेला हेरंब ते ऐकत होता. त्या दिवसानंतर तो गोळ्याचं काहीही करो, उंदीर करो, बस करो, वळवून त्याची मागची बाजू बापाला दाखवी. “बाबा, पाठ बघा.” वसंत बघे आणि खरं ते सांगे. इथे चेपलंय, इथे सुटलंय. पोर मान डोलावून पुन्हा बसे. तेवढीच त्या दोघांची भाषा होती, आणि तेव्हा ती पुरत होती.

संपाचं जे व्हायचं ते झालं. मिल पुन्हा वसंतची झाली नाही. तो कारखान्यातच राहिला आणि पुढे बुधाजी गेल्यावर फोर्टमध्ये एका कचेरीच्या दारात वॉचमन झाला. हेरंब कला शिकला, पुण्याला नोकरीला लागला, तिथून जपानला. लग्न केलं नाही. चाळ पाडून टॉवर झाला, टॉवरला लिफ्ट आली. ती आठवड्यातून एकदा तरी बंद पडते, पण आहे.

रविवारच्या त्या फोननंतर वसंत अस्वस्थ झाला. छान आहे, असं तो म्हणाला होता आणि ते खरं नव्हतं. गाडीची कमान चाकावरून अशी सुरेख उठली होती की हात आपोआप पुढे जावा. पण पुढे शेपटीकडे वळताना ती मध्येच बसली होती, पातळ झाली होती. पहिल्याच दिवशी अंगठा तिथे थबकला होता. ते कट्ट्यावरच्या टवाळांनीही ओळखावं आणि पोराला ज्याने त्याने वाटेल ते बोलावं, हे त्याला सोसवेना.

“मला तिथे लिहायचंय,” तो सुनेत्राबाईंना म्हणाला.

“कुठे? त्या गाढवांच्यात?”

“हो.”

त्यांनी अक्षरं मोठी कशी करायची ते दाखवलं आणि खातं उघडून दिलं. खऱ्या नावाला वसंत नको म्हणाला. घाडी आडनाव बघून कोणी बापाला ओळखलं तर पोराचंच हसं. सुनेत्राबाईंनी नाव घातलं ‘गिरणगावकर’ आणि फोटोच्या जागी स्वतःच्या खिडकीतला मनीप्लांट लावला.

गिरणगावकर एका बोटाने लिहायला लागला. ‘पाठ चांगली आहे. नीट बघा.’ एवढं लिहायला त्याला पाव तास लागला आणि त्यावर हसायला लोकांना पाव मिनिट. ‘काका, चष्म्याचा नंबर तपासा.’ ‘काका, तुमच्या वेळी बैलगाडी होती ना?’ ‘काका, गाडी चालवता येते का?’ वसंतने प्रामाणिकपणे लिहिलं, ‘नाही येत.’ मग तर विचारूच नका.

हसणारे दोन दिवसांत पांगले. त्यांना दुसऱ्या गाडीची पाठ मिळाली. एकटा ‘मागची सीट’ नावाचा माणूस राहिला. त्याच्या नावापुढे फोटो नव्हता. तो टवाळी करत नसे, पण सगळ्यांत कडक तोच. लिहायचा, ‘दिवे बदलले याचं रडगाणं सोडा. दिवे कसेही चालतात. चाकामागे बघा. तिथे हात सुटलाय. करणाऱ्याला ते दिसत होतं आणि त्याने तसंच पुढे पाठवलं. हे मला माफ करता येत नाही.’

वसंतला त्याचा भयंकर राग आला, कारण तो बरोबर होता.

‘करणाऱ्यावर वेळ काय आली असेल ते तुम्हाला काय ठाऊक,’ वसंतने लिहिलं.

‘वेळ सगळ्यांवर येते, काका. माती ओली होती ना तोवर?’

‘तुम्ही कधी मातीत हात घातलाय का?’

वसंत कप विसळून आला. मग आलं, ‘तुम्ही घातलाय वाटतं.’

‘थोडा. जुनी गोष्ट.’

असं ते भांडण रोज चारच्या सुमाराला व्हायला लागलं. वसंत चहा घेऊन टॅब उघडून बसे आणि मागची सीट तिथे आलेली असे. सुनेत्राबाई म्हणायच्या, “तुमचा वैरी आला बघा.” हळूहळू वैऱ्याशी वैर कमी आणि गप्पाच जास्त झाल्या. तो मुंबई सोडून लांब राहत होता, कुठे ते त्याने सांगितलं नाही आणि वसंतने विचारलं नाही. संध्याकाळी घरी आला की त्याला कोणाशी बोलायला नसे. भात शिजवायचा कंटाळा आला की तो दुकानातला तयार भात गरम करून उभ्याउभ्याच खाई. वसंतने लिहिलं, ‘बसून खात जा.’ तो म्हणाला, ‘बसलं की समोरची खुर्ची दिसते.’ वसंतला ते नीट समजलं.

एका दुपारी लिफ्ट बंद होती. वसंत दूध घेऊन अकरा मजले चढून आला आणि धापा टाकत टॅबसमोर बसला.

‘आज उशीर झाला,’ त्याने लिहिलं. ‘लिफ्ट बंद, दूध घेऊन जिना चढून आलो. डावा गुडघा गेलाय. डॉक्टर म्हणतो आतली गादी झिजली.’

‘घरच्यांना सांगितलंत?’

‘मुलगा आहे. त्याला नाही सांगितलं. लांब असतो, त्याच्या जिवाला उगाच घोर. आणि आमचं बोलणं फार नसतं. आई होती त्याची, ती बोलायची. मला फोनवर सुचत नाही. मी आपला जेवलास का विचारतो.’

इतकं लांब त्याने कोणाला कधी लिहिलं नव्हतं. लिहून झाल्यावर त्याला लाज वाटली आणि बरंही वाटलं. अनोळखी माणसापाशी मन मोकळं करावं, तो काय उद्या दारात येऊन उभा राहणार आहे?

त्या दिवशी उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वसंत चार वाजता टॅब उघडून बसे आणि बंद करी. आपण आपलं रडगाणं लावलं, तो कंटाळला, असं त्याला वाटलं. “पळाला का वैरी?” सुनेत्राबाईंनी विचारलं, तर तो त्यांच्यावर उगाचच खेकसला.

तिसऱ्या दिवशी मागची सीट आला. नमस्कार नाही, कसे आहात नाही. एवढंच लिहिलं होतं:

‘काका, तुम्हाला वाटत असेल, हा एवढं त्या पाठीचं काय घेऊन बसलाय. आमच्याकडे एक म्हातारा होता. तो म्हणायचा, जो मागे रवता तेच्यासाठी पाठ करूची असता, मेल्या.’

वसंतने वाचलं. चष्मा काढला, पुन्हा घातला, पुन्हा वाचलं. मग टॅब काच खाली करून पलंगावर ठेवला, जसा एखादा उघडा माणूस झाकावा.

सुनेत्राबाई आल्या तेव्हा तो दाराबाहेर चपला घालत होता.

“चहा?”

“आलोच.”

लिफ्ट चालू होती. तो खाली उतरला आणि लंगडत जुन्या गल्लीकडे गेला. बुधाजीच्या कारखान्याच्या जागी आता मोबाइलचं दुकान होतं, पण त्यापलीकडे एका मंडपात गणपती मांडलेले होते, अजून पांढरेच, रंग न लागलेले. मालकाने विचारलं, “बुकिंग करायचंय का, काका?” वसंतने नको म्हणून मान हलवली आणि ओळीच्या मागे जाऊन उभा राहिला. सगळ्यांच्या पाठी त्याच्याकडे होत्या.

शेवंती गेली तेव्हा हेरंब तेराव्याला पोचला होता आणि आठवड्याने परत गेला. विमानतळावर त्याने वाकून नमस्कार केला, पिशवी खांद्यावर टाकली आणि काचेच्या दारातून आत गेला. लांबवर लोकांच्या ओळी होत्या. वसंत काचेला कपाळ लावून उभा होता आणि त्याला पोराची पाठ दिसत होती. एक खांदा पिशवीने खाली ओढलेला. तेवढीच. ती वळली नाही. त्या वेळी त्याला काही वाटायचं सुचलं नव्हतं. आता मंडपात, परक्याच्या गणपतींमागे उभा राहून तो रडला. मालक सज्जन होता, त्याने दुसरीकडे बघितलं.

घरी येऊन त्याने फोन हातात घेतला. हेरंबचा नंबर लावला आणि वाजायच्या आत कापला. काय सांगणार होता? अरे, तो गिरणगावकर मी आहे, तुझा बाप? मग पोर म्हणेल, “हो का,” आणि विचारेल, “जेवलात?” आणि आपण म्हणू, “जेवलो.” तो उभ्याउभ्याने खातो, हे त्याने अनोळखी काकाला सांगितलं होतं, बापाला नाही. बापाने तोंड उघडलं की काका मरणार, आणि काकाबरोबर ते सगळं. वसंतला भीती वाटली, सरळसरळ भीती. त्याने फोन ठेवून दिला आणि टॅब उघडला.

‘म्हातारा खरं बोलायचा,’ त्याने लिहिलं. एक एक अक्षर शोधत तो पुढे लिहीत राहिला. ‘आणि तुम्हीपण खरं बोललात. चाकामागे हात सुटलाय. मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. उगाच भांडलो तुमच्याशी. कमान फार सुंदर उठली आहे. इतकी सुंदर की पुढे काय करायचं याची करणाऱ्याला भीती वाटली असावी. तिथे अजून थोडी माती हवी होती.’

मागची सीट लिहितो आहे असं टॅब दाखवत होता. लिहीत होता, थांबत होता, पुन्हा लिहीत होता.

‘माती होती, काका. वरच्यांनी काढायला लावली असणार. दोन बोटं खाली घ्या म्हणाले असतील. आणि याने मान डोलावली असेल.’

‘नसती डोलावली तर?’

‘तर याला सांगितलं असतं, घरी जा.’

वसंत त्या वाक्याकडे बघत बसला. मग लिहिलं, ‘घरी जाणं इतकं वाईट असतं का?’

‘माहीत नाही. घरी जाऊन काय बोलायचं हे माहीत नसेल त्याला.’

‘काही नाही बोललं तरी चालतं,’ वसंतने लिहिलं. ‘पाठ दाखवावी. बघणारा सांगेल कुठे चेपलंय ते.’

मागची सीटने वसंतच्या शेवटच्या ओळीखाली अंगठा उठवला होता, कट्ट्यावर पसंती सांगायला उठवतात तो. वसंतने त्यावर आपला अंगठा ठेवला. या वेळी काही सरकलं नाही.

रविवार आला. वसंतने सकाळीच दाढी केली. फोनवर दाढी दिसत नाही हे त्याला ठाऊक होतं. काय विचारायचं ते त्याने मनात चार वेळा घोळवलं: सुट्टी केव्हा मिळते, गणपतीत मिळते का, बसून जेवतोस का. हे शेवटचं विचारायचं नाही हे मात्र पक्कं. ते काकाला ठाऊक होतं, बापाला नाही.

फोन वाजला.

“बाबा, जेवलात?”

“जेवलो. तू?”

“हो. बसून.”

वसंतने फोन दुसऱ्या कानाला लावला. म्हणत असेल आपलं काहीतरी, माणूस म्हणतो. घोळवलेलं सगळं मात्र तो विसरला. पलीकडे आज शिट्टी नव्हती, काहीच नव्हतं.

“ठेवू?” वसंतनेच विचारलं.

“थांबा.”

“हां.”

“बाबा, गुडघा कसा आहे?”

समोर सुनेत्राबाई कपात चहा ओतत होत्या. चहा बशीत सांडला, त्या ‘अगबाई’ म्हणाल्या आणि फडकं आणायला उठल्या. वसंतने फोन कानाशी घट्ट धरला.

“बाबा?”

“उतरताना दुखतो,” वसंत म्हणाला. “चढताना नाही एवढा.”

“मग उगाच उतरत जाऊ नका.”

“नाही उतरत.”

“लिफ्ट बंद असली की दूध वर मागवा.”

“मागवतो.”

“बरं. ठेवतो.”

“ठेव.”

सुनेत्राबाई फडकं घेऊन परत आल्या. वसंत फोनकडे बघत तसाच बसला होता.

“काय म्हणतो मुलगा?”

“गुडघ्याचं विचारत होता.”

“बघा! आणि तुम्ही म्हणता, त्याला कळवणार नाही म्हणून. शेवटी सांगितलंतच ना?”

वसंतने फोन बाजूला ठेवला. सुनेत्राबाईंनी बशी पुसली, कप त्याच्यापुढे सरकवला आणि त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. चार वाजत आले होते. पलंगावरचा टॅब उजळला.

‘काका, आहात का?’

वसंतने हात लेंग्याला पुसले. टॅब मांडीवर घेतला आणि एक एक अक्षर शोधून लिहिलं, ‘आहे.’